अटीतटीच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज स्वतः कसा बांधावा

हे काम साध्या स्प्रेडशीटवर होते. सुरुवातीच्या मांडणीला एक रविवार द्या, नंतर आठवड्याला अर्धा तास पुरतो. शेवटी तुमच्या हाती विजेत्याचे नाव येणार नाही; "या उमेदवाराची शक्यता ५५ टक्के, त्या उमेदवाराची ४५ टक्के" असे काहीतरी येईल. नवख्या माणसाला हे उत्तर अर्धवट वाटते. पण लढत खरोखर अटीतटीची असेल तर तेच पूर्ण उत्तर असते. कोण पुढे आहे हे कोणीही सांगेल. ती आघाडी किती चुकू शकते हे मोजणे हेच इथले खरे काम आहे, आणि या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

अटीतटीची म्हणजे किती, तेही पाहून घ्या. २००० साली फ्लोरिडात जवळपास ६० लाख मते पडली आणि ५३७ मतांनी देशाचा अध्यक्ष ठरला. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतली ट्रम्प यांची आघाडी मिळून ७७,७४४ होती. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून बायडेन यांची आघाडी ४२,९१८ होती, आणि ही तिन्ही राज्ये उलटी गेली असती तर निकाल २६९-२६९ असा बरोबरीत सुटला असता. महाराष्ट्रातल्या एका सरासरी विधानसभा मतदारसंघात तीन लाखांवर मतदार असतात. त्या मापाने हे आकडे पाहा. एवढा बारीक फरक कोणतीही जनमत चाचणी पकडू शकत नाही.

पायरी १ : देशाची टक्केवारी बाजूला ठेवा, २७० ची बेरीज मांडा

अमेरिकेत लोक राज्यवार मत देतात. ४८ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत जो पुढे त्याला तिथली सगळी इलेक्टोरल मते (अध्यक्ष निवडणाऱ्या त्या राज्याच्या प्रतिनिधींची, म्हणजे इलेक्टरांची मते) मिळतात. मेन आणि नेब्रास्का या दोन राज्यांत मात्र दोन मते राज्याच्या विजेत्याला आणि उरलेली मते एकेका काँग्रेस (म्हणजे अमेरिकी संसद) मतदारसंघाच्या विजेत्याला जातात. एकूण मते ५३८, जिंकायला २७०.

पहिल्या पत्रकात ५६ ओळी करा : ५० राज्ये, डीसी, मेनचे दोन मतदारसंघ आणि नेब्रास्काचे तीन. समोर इलेक्टोरल मते भरा आणि खाली बेरीज लावा. ती ५३८ आली नाही तर पुढे जाऊ नका. इथली नेहमीची चूक म्हणजे जुने आकडे. २०२० च्या जनगणनेनंतर पेनसिल्व्हेनिया २० वरून १९ वर, मिशिगन १६ वरून १५ वर, कॅलिफोर्निया ५५ वरून ५४ वर आले. नॉर्थ कॅरोलिना १५ वरून १६ वर आणि टेक्सास ३८ वरून ४० वर गेले. हे आकडे २०२४ आणि २०२८ साठी लागू आहेत, २०३२ ला पुन्हा बदलतील. मेन आणि नेब्रास्काच्या राज्य-ओळीत फक्त दोन-दोन मते ठेवायची. पूर्ण ४ आणि ५ लिहिली की बेरीज पाचने फुगते.

२०२४ मध्ये चुरस सात राज्यांत होती : पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलिना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. मिळून ९३. बाकीच्यांत डेमोक्रॅट पक्षाकडे २२६ आणि रिपब्लिकन पक्षाकडे २१९. आता यावर हात चालवून पाहा. २२६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन मिळवले की नेमके २७० होतात. २१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना मिळवले तरीही नेमके २७०. दोन्ही पक्षांचा सगळा पैसा पेनसिल्व्हेनियात का ओतला जात होता, ते या दोन बेरजांतून कळते. त्या २२६ मध्ये नेब्रास्काच्या ओमाहा शहराभोवतालच्या मतदारसंघाचे एक मत धरलेले आहे. ते गेले की पहिली बेरीज २६९ वर अडकते आणि निवड अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधी सभेकडे जाते, जिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते आणि जिंकायला २६ राज्ये लागतात. म्हणून "बरोबरी" हा तिसरा निकाल तुमच्या पत्रकात वेगळा ठेवा.

पुढच्या वेळी हीच सात राज्ये कळीची असतील असे गृहीत धरू नका. मागच्या खेपेला दहा अंकांच्या (म्हणजे टक्केवारीतल्या दहाच्या फरकाच्या) आत सुटलेले प्रत्येक राज्य उघडे ठेवा. ज्या न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास इतकी मराठी कुटुंबे राहतात, ते राज्य २०२० मध्ये डेमोक्रॅट पक्षाने सुमारे १६ अंकांनी जिंकले होते. २०२४ मध्ये ती आघाडी ६ अंकांवर आली. तिथे चाचण्याही फारशा होत नाहीत, कारण राज्य ठरलेले आहे असे सगळे मानून चालतात.

देशपातळीची आघाडी आणि निर्णायक राज्यातली आघाडी यांतली तफावतही इथेच समजून घ्या. राज्ये आघाडीच्या क्रमाने लावली की ज्या राज्यावर विजेत्याचे २७० पूर्ण होतात ते निर्णायक राज्य. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन देशात २.१ अंकांनी पुढे होत्या, पण निर्णायक विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प ०.८ ने पुढे. तफावत जवळपास ३ अंकांची. २०२० मध्ये बायडेन देशात ४.५ ने पुढे, विस्कॉन्सिनमध्ये ०.६ ने, तफावत जवळपास ४ अंकांची. हे पाहून २०२४ मध्ये अनेकांनी डेमोक्रॅट उमेदवाराला देशात किमान दोन-तीन अंकांची आघाडी हवीच असे धरले. प्रत्यक्षात ट्रम्प देशात १.५ ने आणि निर्णायक पेनसिल्व्हेनियात १.७ ने पुढे राहिले. तफावत जवळजवळ नाहीशीच झाली. ही तफावत मागच्या निवडणुकीतून उचलून पुढच्या निवडणुकीवर चिकटवता येत नाही. म्हणून राज्यांच्याच चाचण्या वापरा, आणि देशपातळीचा आकडा वाऱ्याची दिशा पाहण्यापुरता ठेवा.

पायरी २ : चाचण्या गोळा करा, पण निवडून

चाचण्यांच्या सरासऱ्या आणि अंदाज देणारे फाइव्हथर्टीएट हे संकेतस्थळ मार्च २०२५ मध्ये बंद झाले, त्यामुळे जुन्या लेखांतले त्याचे दुवे उपयोगाचे नाहीत. न्यूयॉर्क टाइम्स, रिअलक्लिअर आणि सिल्व्हर बुलेटिन चाचण्यांच्या सरासऱ्या देतात. त्यांची तयार सरासरी उचलण्याऐवजी त्यातल्या चाचण्या एकेक करून आपल्या पत्रकात उतरवा. उतरवताना जे दिसते ते तयार सरासरीत दिसत नाही.

रकाने असे ठेवा : राज्य, चाचणी करणारी संस्था, प्रत्यक्ष प्रश्न विचारल्याच्या तारखा, किती लोकांना विचारले, ते नोंदणीकृत मतदार होते की मतदान करण्याची शक्यता असलेले, डेमोक्रॅट टक्के, रिपब्लिकन टक्के, पैसे कोणी दिले. शेवटच्या रकान्यात आघाडी : डेमोक्रॅट वजा रिपब्लिकन. म्हणजे अधिक चिन्ह डेमोक्रॅट पक्षाचे, उणे रिपब्लिकन पक्षाचे. हा नियम एकदा ठरवला की मोडायचा नाही. एका ओळीत चिन्ह उलटे पडले की अख्ख्या राज्याची सरासरी बिघडते आणि ते सहजी लक्षातही येत नाही.

निवडीचे नियम थोडके आहेत. प्रसिद्धीची तारीख धरू नका, विचारण्याची तारीख धरा. सप्टेंबरात मागचे तीन आठवडे घ्या, शेवटच्या टप्प्यात दहा दिवस. एका संस्थेची सर्वांत ताजी एकच चाचणी ठेवा. नाहीतर रोज आकडे काढणारी एखादी संस्था सगळी सरासरी आपल्याकडे ओढते. पक्षाने किंवा प्रचारयंत्रणेने पैसे देऊन करवलेली चाचणी वगळा, कारण गैरसोयीची निघाली असती तर ती तुमच्यापर्यंत पोहोचलीच नसती. सप्टेंबरपासून मतदान करण्याची शक्यता असलेल्यांचा आकडा उपलब्ध असेल तर तोच घ्या. मग साधी सरासरी काढा. नमुन्याच्या आकारानुसार वजन देण्याची घाई नको, त्याने फारसे काही सुधारत नाही. का, ते पुढच्या पायरीत पाहू.

पायरी ३ : शितावरून भाताची परीक्षा कधी फसते

८०० लोकांना विचारून एका राज्याचा कौल सांगता येतो, कारण शितावरून भाताची परीक्षा होते. अट एवढीच की भात सगळीकडे सारखा ढवळलेला हवा. अमेरिकेत १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांतल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाची यादी सुस्थितीतल्या लोकांकडे झुकलेली होती, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. नमुना वाढवून ही चूक जात नाही. ती फक्त अधिक खात्रीने केली जाते.

आता गणित. एका उमेदवाराच्या टक्केवारीतली नमुना-चूक काढायला ९८ ला विचारलेल्या लोकांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. ८०० लोक असतील तर साडेतीन अंक, १००० असतील तर ३.१. बातमीत हाच आकडा छापतात. पण तुम्हाला हवी असते आघाडी, आणि एकाची टक्केवारी वाढली की दुसऱ्याची घटते, म्हणून आघाडीतली चूक जवळपास दुप्पट : सहा-सात अंक. "४९ विरुद्ध ४७" या एका चाचणीतून कोण पुढे हे कळत नाही.

दहा चाचण्यांची सरासरी काढली की ही नमुना-चूक बरीच खाली येते. उरते ती सगळ्या चाचण्यांची सामाईक चूक, आणि अटीतटीच्या निवडणुकीत तीच घात करते. २०१६ मध्ये राज्यपातळीच्या अनेक चाचण्यांनी शिक्षणानुसार वजन दिले नव्हते, म्हणजे नमुन्यातले शिक्षितांचे प्रमाण राज्यातल्या खऱ्या प्रमाणाशी जुळवून घेतले नव्हते. महाविद्यालयीन शिक्षण झालेले लोक चाचण्यांना जास्त उत्तरे देतात, आणि त्या वर्षी ते क्लिंटन यांच्याकडे झुकले होते. २०२० मध्ये बहुतेकांनी हे वजन लावले, तरी विस्कॉन्सिनमध्ये फाइव्हथर्टीएटच्या सरासरीत बायडेन यांची आघाडी आठ अंकांच्या वर होती आणि निकाल लागला ०.६ अंकांनी. अमेरिकन जनमत संशोधकांच्या संघटनेने त्या वर्षीच्या चाचण्या चाळीस वर्षांत सर्वाधिक चुकलेल्या ठरवल्या, आणि तिच्या समितीला एकच एक कारण निश्चित करता आले नाही. हे लक्षात ठेवा : मागची चूक दुरुस्त केली म्हणून पुढची टळत नाही. तसेच "मागच्या दोन वेळा चाचण्यांनी एका पक्षाला कमी लेखले, म्हणून यंदाही तीन अंक त्याच्या बाजूने टाकू" हेही करू नका. चुकीचा आकार साधारण सांगता येतो, दिशा सांगता येत नाही.

२०२४ मध्ये अनेक संस्थांनी मागच्या वेळी कोणाला मत दिले हे विचारून त्यानुसार वजन दिले. त्याने आकडे शांत दिसतात, कारण प्रत्येक चाचणी मागच्या निकालाकडे ओढली जाते. यातली अडचण अशी की लोक आपले जुने मत नेहमी बरोबर सांगत नाहीत, आणि अनेकांना जिंकलेल्याला मत दिल्याचे आठवते.

संस्था एकमेकींकडे पाहून आकडे सांभाळत आहेत का, याची एक कसोटी तुम्ही घरी लावू शकता. लढत बरोबरीची आणि नमुना ८०० चा असेल तर निव्वळ योगायोगाने आघाडीचा आकडा सरासरीच्या साडेतीन अंक इकडे-तिकडे हलायला हवा. दहा चाचण्यांपैकी तीनेक त्याच्याही बाहेर पडाव्यात, आणि सरासरीच्या एका अंकाच्या आत दोन-तीनच बसाव्यात. दहाच्या दहा चाचण्या "बरोबरी", "एक पुढे", "बरोबरी" अशा आल्या तर तो योगायोग नाही. कोणीतरी वेगळा दिसणारा आकडा छापायला कचरले आहे. अशा राज्यात चाचण्या दहा असल्या तरी माहिती दोन-तीन चाचण्यांइतकीच समजा.

म्हणूनच सगळ्यांपेक्षा वेगळी दिसणारी चाचणी फेकू नका, आणि तिच्या मागेही धावू नका. २०२४ च्या मतदानाआधीच्या शनिवारी डि मॉइन रजिस्टर या दैनिकाच्या चाचणीने आयोवात कमला हॅरिस ३ अंकांनी पुढे असल्याचे सांगितले. त्या चाचणीची पूर्वीची कामगिरी उत्तम असल्याने दोन दिवस दुसरी चर्चाच नव्हती. निकालात ट्रम्प १३ अंकांनी पुढे होते. सरासरीत ती चाचणी एक म्हणून धरली असती तर काही बिघडले नसते.

पायरी ४ : आघाडीचे शक्यतेत रूपांतर

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात राज्याच्या सरासरी आघाडीसाठी चुकीचे प्रमाण विचलन (चूक साधारण किती इकडे-तिकडे पसरते त्याचे माप) ४ अंक धरा. महिनाभर आधी ५, तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) त्याहून जास्त. हे आकडे मोठे वाटतील, पण २०१६ आणि २०२० चा अनुभव याहून कमी धरू देत नाही.

आघाडीला या ४ ने भागा आणि स्प्रेडशीटमधल्या नॉर्मल वितरणाच्या सूत्रात घाला. १ अंकाची आघाडी म्हणजे सुमारे ६० टक्के शक्यता. २ अंक म्हणजे ६९. ४ अंक म्हणजे ८४, आणि ८ अंक म्हणजे ९८ च्या आसपास. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहा. दोन अंकांची आघाडी टीव्हीवर "स्पष्ट आघाडी" म्हणून दाखवतात, आणि तीनपैकी जवळपास एकदा ती उलटते.

पायरी ५ : राज्ये एकाच माळेचे मणी आहेत

नवख्यांचे मॉडेल इथे कोसळते, आणि नवखे नसलेल्यांचेही कोसळलेले आहे. २०१६ मध्ये हफिंग्टन पोस्टच्या मॉडेलने क्लिंटन यांना ९८ टक्के शक्यता दिली होती, फाइव्हथर्टीएटने ट्रम्प यांना २९ टक्के. चाचण्या दोघांपुढे त्याच होत्या. एका राज्यात चाचण्या चुकल्या तर दुसऱ्यातही त्याच बाजूला चुकण्याचा संभव किती, हे मानण्यात मोठा फरक होता. पेनसिल्व्हेनियात जो कारखान्यातला मतदार फोन उचलत नाही, तसाच मतदार मिशिगनमध्येही उचलत नाही.

सात राज्ये सात वेगवेगळी नाणी मानली, तर सातही एकाच उमेदवाराकडे जाण्याची शक्यता ६४ मध्ये एक निघते. चुका जोडलेल्या धरल्या की तीच शक्यता चारात एकाच्या वर जाते. २०२४ मध्ये सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली. बरोबरीची लढत असतानाही एकतर्फी निकाल हा सर्वांत संभवनीय निकालांपैकी एक असतो. पुष्कळ लोकांना निकालानंतर हे पटले नाही आणि त्यांनी चाचण्यांना खोटे ठरवले. त्या वर्षी चाचण्या दोन-तीन अंकांनीच चुकल्या होत्या, फक्त सगळीकडे एकाच बाजूला.

आता बांधणी. दुसऱ्या पत्रकात १,००० ओळी घ्या; एक ओळ म्हणजे एक काल्पनिक निवडणूक. प्रत्येक ओळीत ११ यादृच्छिक आकडे लागतील, सगळ्यांची सरासरी शून्य. पहिला देशव्यापी चुकीचा, प्रमाण विचलन ३. मग तीन प्रादेशिक चुकांचे, प्रत्येकी विचलन २ : एक पेनसिल्व्हेनिया-मिशिगन-विस्कॉन्सिन या उत्तरेकडच्या राज्यांसाठी, एक जॉर्जिया-नॉर्थ कॅरोलिनासाठी, एक ॲरिझोना-नेवाडासाठी. शेवटी सात राज्यांच्या स्वतंत्र चुकांचे, विचलन २. या तिन्ही विचलनांचे वर्ग मिळवा : ९, ४ आणि ४ मिळून १७, वर्गमूळ ४.१. म्हणजे मागच्या पायरीतला ४ चा हिशेब इथे जुळतो.

प्रत्येक राज्यासाठी : चाचण्यांची सरासरी आघाडी, अधिक देशव्यापी चूक, अधिक आपल्या प्रदेशाची चूक, अधिक स्वतःची चूक. उत्तर शून्याच्या वर असेल तर त्या राज्याची इलेक्टोरल मते डेमोक्रॅट रकान्यात. त्यांत ठरलेल्या राज्यांची बेरीज मिळवा. किती ओळींत २७० किंवा जास्त आले, किती ओळींत नेमके २६९ आले, ते मोजा. आणखी राज्ये उघडी ठेवली असतील तर त्यांचेही रकाने असेच वाढवा.

वापरण्याआधी तीन तपासण्या करा. सगळ्या आघाड्या २० केल्यावर शक्यता १०० च्या जवळ यायला हवी. नाही आली तर एखादे सूत्र चुकीच्या चौकटीकडे बोट दाखवते आहे. सगळ्या शून्य केल्यावर ५० च्या आसपास यावी. आणि त्याच शून्याच्या स्थितीत सातही राज्ये एकीकडे गेलेल्या ओळी मोजा. त्या १,००० पैकी तीसेकच निघाल्या तर प्रत्येक राज्याला तुम्ही वेगवेगळी देशव्यापी चूक देऊन बसला आहात. ही चूक फार होते, कारण सूत्र खाली-आडवे ओढताना चौकट सरकते. देशव्यापी चुकीचा रकाना सूत्रात डॉलर चिन्हाने बांधून ठेवा.

१,००० ओळींत उत्तर दर वेळी तीन अंकांपर्यंत इकडे-तिकडे नाचते. १०,००० ओळी केल्या की हा नाच एका अंकावर येतो. पत्रकात काहीही टंकले की यादृच्छिक आकडे बदलतात, म्हणून नोंद करताना सूत्रे नाही, फक्त किमती वेगळ्या पानावर चिकटवा आणि तारीख घाला.

पायरी ६ : मोहात पाडणाऱ्या गोष्टी

अर्थव्यवस्था आणि अध्यक्षांची लोकप्रियता यांवरून काढलेला अंदाज चाचण्या विरळ असतात तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत, थोडा कामाचा. १९४८ ते २०२४ या काळात अध्यक्षीय निवडणुका फक्त २० झाल्या. वीस उदाहरणांवर पाच-सहा घटक बसवले की भूतकाळ नेहमीच बरोबर जुळतो.

"हे राज्य ज्याला निवडते तोच अध्यक्ष होतो" हेही याच जातीचे. ओहायो १९६४ पासून २०१६ पर्यंत दर वेळी विजेत्याबरोबर होते, २०२० मध्ये नाही. इंडियानातली विगो काउंटी (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) १९५६ पासूनचा क्रम २०२० मध्येच मोडून बसली. तीन हजारांहून अधिक काउंट्या असताना काही काउंट्यांचा क्रम योगायोगानेही लांबतो.

मतदानाच्या दिवसाआधीच दिलेल्या मतांचे पक्षवार आकडे सर्वांत फसवे. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि जॉर्जियात मतदार नोंदणीत पक्षच नसतो, तिथले "पक्षवार" आकडे कोणीतरी अंदाजाने काढलेले असतात. जिथे पक्ष असतो तिथेही २०२० मध्ये साथीमुळे डेमोक्रॅट मतदार टपालाकडे वळले होते आणि २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने आपल्या मतदारांना आधीच मत द्यायला सांगितले. दोन वर्षांची तुलनाच होत नाही. सभांची गर्दी आणि अंगणातल्या पाट्या मोजूच नका. सट्टाबाजारातले भावही तुमच्यासारख्यांनीच त्याच चाचण्या वाचून लावलेले असतात. वेगळा पुरावा म्हणून ते जोडू नका.

पायरी ७ : मोजणीची सकाळ

भारतात बसून निकाल पाहणाऱ्यांसाठी ही रात्र नसून बुधवारची सकाळ असते. नोव्हेंबर २०२८ मध्ये अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असेल, कारण त्यांची घड्याळे मतदानाच्या दोन दिवस आधी बदललेली असतील. जॉर्जिया आणि व्हर्जिनियाचे मतदान आपल्या पहाटे ५.३० ला संपते, नॉर्थ कॅरोलिनाचे ६ ला, पेनसिल्व्हेनियाचे आणि बहुतेक मिशिगनचे ६.३० ला, विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनाचे ७.३० ला, नेवाडाचे ८.३० ला. मतदान संपताच टीव्हीवर येणारे एक्झिट पोलचे पहिले आकडे टिपून घेऊ नका. २००४ च्या दुपारी असेच आकडे डेमोक्रॅट उमेदवार केरी यांना पुढे दाखवत होते आणि शेवटी बुश जिंकले.

राज्याची चालू बेरीज पाहू नका, काउंट्या पाहा. आदल्या आठवड्यात प्रत्येक चुरशीच्या राज्यातल्या आठ-दहा काउंट्यांची यादी करा : एक मोठे शहर, दोन-तीन उपनगरी, दोन-तीन मध्यम शहरांच्या, बाकी ग्रामीण. पेनसिल्व्हेनियात ईरी आणि नॉर्दम्प्टन, मिशिगनमध्ये सॅगिनॉ घ्याच. २०१२ पासून २०२४ पर्यंत या तिन्ही काउंट्या दर वेळी विजेत्याकडे झुकल्या आणि २०१६ पासून प्रत्येक वेळी थोडक्याने. प्रत्येकीसमोर २०२४ ची आघाडी आणि एकूण मते लिहा. काउंटीची मोजणी ९५ टक्क्यांच्या वर गेली की नवी आघाडी वजा जुनी आघाडी काढा. उपनगरी, शहरी, ग्रामीण यांचा बदल वेगवेगळा काढून मतांच्या प्रमाणात एकत्र करा आणि राज्याच्या जुन्या आघाडीत मिळवा. समजा, पूर्ण झालेल्या काउंट्यांचा एकत्रित बदल डेमोक्रॅट पक्षाकडे २.५ अंक आहे. पेनसिल्व्हेनियात तो पक्ष मागच्या वेळी १.७ ने मागे होता, म्हणजे आता अंदाज ०.८ ची आघाडी.

२०२४ मध्ये ही पद्धत व्हर्जिनियातच बोलू लागली. वॉशिंग्टनजवळच्या लाउडन काउंटीत बायडेन सुमारे २५ अंकांनी जिंकले होते. हॅरिस यांची आघाडी सोळा-सतरावर थांबली. तोवर चुरशीच्या राज्यांतली मोजणी कुठेच पुरी झालेली नव्हती.

चालू बेरीज फसवते ती मोजणीच्या क्रमामुळे. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नव्हती, हा २०२४ पर्यंतचा नियम. २०२० मध्ये म्हणूनच पेनसिल्व्हेनियात ट्रम्प रात्री सहा लाखांहून अधिक मतांनी पुढे दिसत होते आणि शेवटी बायडेन ८० हजारांनी जिंकले. मिलवॉकी शहराची टपाली मते एका ठिकाणी मोजतात आणि तो गठ्ठा मध्यरात्रीनंतर एकदम येऊन पडतो. पण "उशिराची मते डेमोक्रॅट पक्षाची" असा नियमही करू नका. ॲरिझोनात २०२० मध्ये उशिरा मोजलेल्या मतांनी बायडेन यांची आघाडी १०,४५७ पर्यंत घटवली. कोणते मत उरले आहे, टपाली की केंद्रावरचे, आणि कोणत्या काउंटीतले, हे पाहा. "मोजणी ९५ टक्के" हा आकडाही अंदाजच असतो, कारण एकूण मते किती हे कोणालाच आधी माहीत नसते.

फरक अर्ध्या अंकाच्या आत असेल तर पेनसिल्व्हेनिया आणि ॲरिझोनात फेरमोजणी आपोआप होते. फेरमोजणीने सहसा काही शे मतेच हलतात, म्हणून काही हजारांची आघाडी तुम्ही पक्की धरू शकता. ५३७ ची नाही.

पायरी ८ : हिशेब

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रत्येक राज्याची शक्यता आणि एकूण शक्यता लिहून कुलूपबंद करा. निकालानंतर शक्यता आणि निकाल (जिंकले तर १, हरले तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग काढा. ०.६ म्हटले आणि जिंकले तर ०.१६, हरले तर ०.३६. सगळीकडे ०.५ म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणून तुमची सरासरी त्याच्याखाली आली तरच तुमच्या मेहनतीने काही मिळवले. राज्ये एकाच माळेतली असल्याने सात राज्यांची सरासरी म्हणजे सात परीक्षा नव्हेत, फार तर दीड-दोन. शक्यतेबरोबर आघाडीचा आकडाही तपासा : प्रत्येक राज्यात किती अंकांनी चुकलो आणि चूक एकाच बाजूला होती का. पुढच्या वेळी ३-२-२ हे विचलनाचे आकडे बदलायचे की नाही, ते यावरून ठरते.

हा हिशेब दुसऱ्या दिवशी करू नका. कॅलिफोर्नियाची मोजणी आठवडे चालते. २०२४ मध्ये ट्रम्प यांची देशातली टक्केवारी पहिल्या सकाळी ५१ च्या आसपास होती आणि शेवटी ४९.८ वर आली. डिसेंबरच्या मध्यात इलेक्टर आपापल्या राज्यात मत देतात. तोवर राज्यांचे प्रमाणित आकडे आलेले असतात, तेच पत्रकात भरा.